खेळही पारखून घ्यावा

दिवाळीनंतरच्या सुट्टीत गोंदिया, भंडारा, नागपूरकडील काही व्यापारी कुटुंबे दोन दिवसांसाठी नवेगाव बांधला जातात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हे गाव तेथील विस्तीर्ण तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांध घालून हे तळे निर्माण केले, असे सांगितले जाते. भोवतालच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दिवसभर मुले तळ्याकाठी रमतात. संध्याकाळी मात्र मोबाइल हातात येतो, रेंज जाते-येते, खेळ मध्येच अडकतो आणि चिडचिड सुरू होते. मुलांना रागावणे सोपे आहे. त्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : इंटरनेट तुटताच बंद पडणारा खेळ नेमका कोणाच्या मालकीचा?

बहुतेक लोकप्रिय मोबाइल खेळ फुकट मिळतात. पण कोणीही माल फुकट वाटत नाही, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. या खेळांचे उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या नाण्यांतून, पोशाखांतून, बंद पेट्यांतून येते. पेटीत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळते. सप्तव्यसनांत द्यूत पहिले का मोजले, याचे उत्तर या पेटीत सापडते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, हे योग्यच झाले. पण खेळाच्या आतली लहानसहान खरेदी घराघरांत सुरूच आहे. असा खेळ कधी संपतही नाही, कारण तो संपला तर गिऱ्हाईक उठून जाईल.

याच्या उलट, एकदाच दाम घेणारे, शेवट असलेले आणि इंटरनेटविना चालणारे संगणक-खेळही आहेत. त्यांतील काही चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, तर काही एक-दोन माणसांनी किंवा लहानशा मंडळीने अलीकडे तयार केलेले. त्यांच्याजवळ जाहिरातीसाठी पैसा नसतो, म्हणून ते आपणहून समोर येत नाहीत, शोधावे लागतात. पेढीवरचा जुना संगणकही त्यांतील बहुतेकांना पुरतो.

व्यापारी घराला सर्वांत जवळचा वाटावा असा खेळ म्हणजे ‘सोकोबान’. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो १९८१ मध्ये रचला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. नावाचा अर्थच गोदामाचा रखवालदार. गोदामातील पेट्या ठरलेल्या जागी न्यायच्या; पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. एक पेटी चुकून कोपऱ्यात गेली की डाव अडलाच. पोत्यांची थप्पी लावताना आधी कोणती गाडी निघणार याचा विचार ज्याने केला आहे, त्याला या खेळाची गोडी सांगावी लागणार नाही. मॉस्कोतील संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांचा १९८४ मधील ‘टेट्रिस’ही याच कुळातला. नव्यांपैकी न्यूझीलंडमधील दोन भावांनी सुरू केलेला ‘मिनी मेट्रो’ २०१५ मध्ये आला. वाढत्या शहरात रेल्वेमार्ग आखून प्रवाशांची सोय करायची, एवढेच त्यात काम. नकाशांमध्ये मुंबईही आहे. एखाद्या स्थानकावर गर्दी मावेनाशी झाली की डाव संपतो आणि नियोजन कोठे चुकले ते समोर दिसते.

असे खेळ मिळण्याची ठिकाणे निश्चित आहेत. इंटरनेट अर्काइव्ह या ग्रंथालयाने २०१५ च्या आरंभी सुमारे २,४०० जुने डॉस खेळ ब्राउझरमध्येच खेळून पाहण्यासाठी खुले केले. जीओजी हे पोलंडमधील दुकान २००८ पासून जुने खेळ नव्या संगणकांवर चालतील असे करून विकते. तेथे घेतलेल्या खेळाची फाइल स्वतःच्या संगणकात जपून ठेवता येते. इच डॉट आयओवर नवशिक्यांपासून मुरलेल्यांपर्यंत अनेकांचे छोटे खेळ असतात; कित्येक फुकट, तर काहींचे मोल गिऱ्हाइकाने ठरवायचे. स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परत करता येतो. तेथील अभिप्रायाशेजारी तो देणारा किती तास खेळला हेही दिसते. अशा वेळी प्रशंसेआधी तक्रारी वाचाव्यात. मालाचा दोष जाणून घेणारा सहसा फसत नाही.

अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेली चोरीची प्रत मात्र घरात आणू नये. त्यातून संगणकात विषाणू शिरण्याचे भय आहेच; त्याहून मोठी गोष्ट व्रताची आहे. तत्त्वार्थसूत्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, स्पष्टपणे गणले आहे. वस्तू डोळ्यांना दिसत नाही म्हणून नियम बदलत नाही.

खरेदीपूर्वी चार प्रश्न पुरेसे आहेत. दाम एकदाच द्यावे लागते का? इंटरनेटविना खेळता येते का? डाव कोठे तरी संपतो का? आणि खेळताना मन कशात गुंतते?

चौथा प्रश्न जैन घरासाठी सर्वांत कठीण आहे. पडद्यावरचा शत्रू म्हणजे केवळ प्रकाशाचे ठिपके. त्याला मारल्याने कोणता जीव जातो, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या परंपरेने कधीच देऊन ठेवले आहे. यशोधर राजाने जिवंत प्राण्याचा बळी नाकारला, पण आईच्या आग्रहास्तव पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, संकल्प मात्र खरा होता; त्यासाठी मायलेकांना तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथात ही कथा विस्ताराने आली आहे. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील भेद मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

याचा अर्थ तलवार दिसताच खेळ फेकून द्यावा असा नव्हे. काय निवडतो आहोत ते जाणून निवडावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा २०२० मधील खेळ येथे विचारात घेण्याजोगा आहे. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची कथा आणि भारतीय वास्तुकलेचे देखणे दर्शन त्यात आहे. परंतु वाट राक्षसांशी लढतच काढावी लागते. कलेचा अभिमान बाळगूनही एखादे घर तो बाजूला ठेवील, दुसरे घर मोठ्या मुलांबरोबर चर्चा करून खेळेल. निर्णय अजाणता होऊ नये, इतकेच.

आपल्या पूर्वजांनी खेळ त्याज्य मानला नव्हता. ज्ञानबाजीचे जैन पट बहुधा चौऱ्याऐंशी घरांचे असत. शिडीने चढत, सापाने घसरत खेळणारा कर्म आणि त्याचे फळ शिकत असे, आणि सर्वांत वर सिद्धशिला असे. त्याच कुळातला सापशिडीचा खेळ पुढे विलायतेत गेला आणि मुलांचा करमणुकीचा खेळ होऊन परतला.

आजच्या खेळांतही मनाला वर नेणारे काही सापडतात. लंडनच्या अस्टू गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘आल्बा’ या खेळात एक मुलगी सुट्टीत आजी-आजोबांकडे भूमध्य समुद्रातील बेटावर येते. ती पक्षी-प्राण्यांची छायाचित्रे घेते, जखमी जीवांना मदत करते, कचरा उचलते आणि अभयारण्याच्या जागी हॉटेल होऊ नये म्हणून गावकऱ्यांच्या सह्या गोळा करते. काही तासांत खेळ संपतो. मग मुलांच्या हाती वही द्यावी आणि हिवाळ्यात नवेगाव बांधच्या तळ्यावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांची नावे लिहायला सांगावीत. येथे वनखात्यात काम केलेल्या मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक तेव्हा सोबत असावे.

मुलांसाठी खेळ निवडणाऱ्या वडीलधाऱ्याने तो आधी स्वतः तासभर खेळून पाहावा, हे सर्वांत उत्तम. नमुना न पाहता माल उचलण्याची आपली रीत नाही. मग मुलांचा वेळ तरी न पाहता का द्यावा?