दहापैकी किती?

गेल्या महिन्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याचे वडील आमच्या खोलीत आले. त्यांच्या मुलाच्या बाकाखाली सापडलेली पोकेमॉनची अकरा कार्डे वर्गशिक्षिकेने आमच्याकडे जमा केली होती, ती परत न्यायची होती. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात होते. आम्ही चार शब्द सुनावण्याच्या तयारीत होतो, तोच ते म्हणाले, "सर, जपून ठेवली आहेत ना? अमेरिकेला पाठवायची आहेत, नंबर लावून घ्यायला. दहा नंबर आला तर पोराच्या पुढच्या शिक्षणाची सोय होईल." हे गृहस्थ कापडाच्या दुकानात नोकरी करतात. फी आणि कुरिअरसाठी त्यांनी पंचवीस हजार रुपये बाजूला काढले होते.

अशीच चर्चा आणखी दोन-तीन घरांत चालू असल्याचे कळले, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

आधी हा प्रकार काय ते पाहू. पीएसए ही अमेरिकेतली कंपनी 1991 पासून संग्राहकांची कार्डे तपासून देते. कार्ड खरे आहे की नकली, हे परीक्षक प्रथम पाहतात. मग चार गोष्टी तपासतात: चित्र मधोमध छापले आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा आहे का. त्यावरून 1 ते 10 मधला नंबर देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. नाण्यांचीही अशीच तपासणी होते, तिथे 1 ते 70 अशी मोजणी असते.

बऱ्हाणपूरकरांना यात नवल वाटू नये. मोगल काळात आपल्या गावात टांकसाळ होती. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब यांचे चांदीचे रुपये इथे पाडले जात. त्या काळचे सराफ प्रत्येक रुपया पारखून घेत. झिजलेल्या किंवा मागच्या सालातल्या नाण्याला पूर्ण किंमत मिळत नसे, त्यातून बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो, तो शब्द याच व्यवहारातला. 'पारखी' हा शब्द आम्ही हिंदी शाळेत शिकलो आणि मराठी घरात ऐकला. दोन्हीकडे त्याचा मान सारखाच.

तेव्हा परीक्षेला आमचा विरोध नाही. आमचे सारे आयुष्य कॉप्या तपासण्यात गेले. अनोळखी परीक्षक समोरच्याचे घराणे विचारत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. नकली मालाच्या बाजारात अशा तपासणीची गरजही असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की नंबर कशाला मिळतो हे समजून घ्यावे, आणि दुसऱ्याकडे पाठवण्याआधी आपण स्वतः पाहायला शिकावे.

नंबर मिळतो तो वस्तूच्या स्थितीला. 'पिकाचू इलस्ट्रेटर' नावाचे एक कार्ड 2021 मध्ये 52 लाख 75 हजार डॉलरला विकले गेले, त्याला 10 नंबर होता. हे कार्ड मुळात दुकानात विकायला आलेच नव्हते. 1997-98 मध्ये जपानच्या एका मासिकाने चित्रकला स्पर्धा घेतली, तिच्या विजेत्यांना ते बक्षीस म्हणून मिळाले होते. ते मोलाचे झाले, कारण कोणी तरी बसून चित्र काढले होते. डबीवरचा नंबर ही नंतरची गोष्ट.

परीक्षकही चुकतो. होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचे जुने कार्ड हे पीएसएने नंबर दिलेले पहिलेच कार्ड. त्याला 8 नंबर मिळाला होता. ते कार्ड पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याने 2013 मध्ये न्यायालयात कबूल केले की आपण त्याच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. पहिल्याच परचात कॉपी झाली आणि ती पकडली गेली नाही, असे म्हणा ना!

आता त्या अकरा कार्डांकडे येऊ. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून भिंग मागवले आणि वडील, मुलगा व आम्ही तिघे खिडकीपाशी बसलो. दहा-दहा रुपयांच्या पाकिटांतून निघालेली नऊ सोनेरी कार्डे नकली निघाली. एकावर तर इंग्रजी स्पेलिंगही चुकलेले होते, ते मुलानेच शोधले. उरलेली दोन खरी वाटली, पण त्यांचे कोपरे खेळून खेळून गोल झाले होते. मुलाचा चेहरा उतरला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंचवीस हजार वाचले म्हणायचे." ही तपासणी अर्ध्या तासात झाली आणि तिला एक पैसाही लागला नाही.

पण खरी काळजीची गोष्ट पुढेच होती. मुलाने खिशातून रुमालात बांधलेला एक जाड चांदीचा रुपया काढला. त्यावर फारसी अक्षरे होती. आजीच्या पेटीतला हा रुपयाही त्याच पार्सलमध्ये जाणार होता.

पालकांनी हे नीट वाचावे. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचे किंवा त्याहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. तो खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची शिक्षा आहे. परदेशातून नंबर लावून आणण्याच्या हौसेपायी एक साधे घर कोर्टाच्या दारात उभे राहिले असते. जमिनीत सापडलेल्या धनाची गोष्टही अशीच. मार्च 2025 मध्ये 'छावा' चित्रपटानंतर असीरगडाच्या आसपासच्या शेतांत रात्री टॉर्च घेऊन लोक मोहरा शोधत होते, ते आपण सर्वांनी पाहिले. असे धन सापडले तर ते कलेक्टरना कळवावे लागते, आणि हा कायदा 1878 पासून आहे.

नाण्यावरून आमचीही एक चूक सांगतो. लहानपणी आम्ही आजीचे काळे पडलेले रुपये चिंच आणि राख लावून लख्ख घासले आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. आजी काही बोलली नाही. पुढे एका संग्राहकाने सांगितले की घासलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि परीक्षक त्यावर 'साफ केलेले' असा शेरा मारतात. त्याहून जास्त हळहळ आम्हाला याची वाटते की ते रुपये आमच्या घरात कसे आले, हे आजीला विचारायचे राहून गेले.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणे असे की कार्डे जमवा, खेळा, पण शाळेच्या वेळेत नाही, आणि लहान मुलांना भुलवून अदलाबदल तर मुळीच नाही. जुने नाणे घासू नका, विकू नका. ते कोणाचे, कधीचे, घरात कसे आले, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवा. पालकांना विनंती की पैसे पाठवण्याआधी भिंग हातात घ्या. विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी लहानशी आहे. ग्रंथालयात दोन चांगली भिंगे आणि नाण्यांवरची चार पुस्तके द्यावीत, आणि फारसी वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराला वर्षातून एकदा बोलवावे.

तो रुपया आजीच्या पेटीत परत गेला आहे. मुलाने मागच्या आठवड्यात त्याची दीड पानाची हकिगत लिहून आणली. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. आम्ही त्या लाल शाईने दुरुस्त केल्या, नंबर मात्र दिला नाही.