एक नांव, अनेक घरें

‘गुण’ म्हणजे काय, असें विचारलें असतां वैयाकरण अ, ए, ओ असें उत्तर देईल. सांख्य सत्त्व, रज, तम हे तीन सांगेल. आणि तर्कसंग्रह पढलेला विद्यार्थी रूप, रस आदिकरून 24 मोजून दाखवील. तिघेहि खरेंच बोलतात, कारण प्रत्येकाचा शब्द आपापल्या शास्त्राच्या हद्दींत नांदतो. शास्त्राचें नांव गाळलें कीं मात्र घोटाळा झालाच म्हणून समजावें.

आमच्या वाचकांच्या घरचीं मुलें हल्लीं पायथॉन नांवाची संगणकभाषा शिकतात. गिडो व्हान रॉसम यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केलेल्या या भाषेंत हीच व्यवस्था आहे. तींतील प्रत्येक फाईल हें एक मॉड्यूल. अशीं मॉड्यूलें एका फोल्डरांत नांदूं लागलीं कीं त्यांचें पॅकेज होतें. प्रत्येक मॉड्यूलाची नांवांची वही स्वतंत्र असते. तिलाच नेमस्पेस म्हणतात. ‘इंपोर्ट मॅथ’ असें लिहितांच तें मॉड्यूल शोधून एकदां चालविलें जातें व पुढील मागणीसाठीं जपून ठेवलें जातें. आपल्या वहींत मात्र ‘मॅथ’ हें एकच नांव चढतें. वर्गमूळ हवें असल्यास ‘मॅथ.एसक्यूआरटी’ असें घरासकट नांव घ्यावें लागतें.

हा त्रास चुकविण्यासाठीं कित्येक जण ‘फ्रॉम मॅथ इंपोर्ट’ लिहून पुढें तारांकन देतात. तेणेंकरून मॅथमधील सर्व उघडीं नांवें आपल्या वहींत ओतलीं जातात. मागाहून ‘सीमॅथ’ हें मॉड्यूलहि त्याच रीतीनें आणलें, तर त्यांतील वर्गमूळ पहिल्याच्या जागीं निमूटपणें येऊन बसतें. आतां उणे एकाचें वर्गमूळ मागा. मॅथनें चूक दाखवून काम थांबविलें असतें. सीमॅथ काल्पनिक संख्या देऊन मोकळें होतें. हिशेबांत शिरलेली ऋण संख्या अडविणारा पहारेकरी गेला, आणि तो गेल्याचें कोणीं सांगितलेंहि नाहीं!

दुसरी ठेंच फाईलचें नांव ठेवतांना लागते. यदृच्छेनें अंक निवडणारें ‘रँडम’ मॉड्यूल भाषेसोबतच मिळतें. विद्यार्थ्यानें आपल्याच फाईलला ‘रँडम.पीवाय’ म्हटलें, तर शोध प्रथम चालविलेल्या फाईलच्या फोल्डरांत होत असल्यामुळें घरचाच रँडम हातीं लागतो. मग ‘रँडइंट’ सांपडत नाहीं, आणि मुलगा बिचारा भाषेस दोष देत बसतो.

यास्तव पालकांनीं मुलांस इतकेंच सांगावें: नांव घरासकट घ्या. घर लांबलचक असेल तर ‘अ‍ॅज’ लिहून त्यास लहानसें टोपणनांव द्या. परंतु घर पुसूं नका. चार अक्षरें वांचविण्यापायीं अर्थ गमावणें हा कांहीं काटकसरीचा व्यवहार नव्हे.