वकिलांना सवलत, मग वॉचमनला का नाही?

सकाळी सातला आपल्या वस्तीतून कामावर निघणारी माणसं पाहा. कुणी सोसायटीत वॉचमन, कुणी मॉलमध्ये हाऊसकीपिंगला, कुणी सफाई खात्यात. मे महिना असला तरी वॉचमनच्या अंगावर गडद निळा पॉलिस्टरचा शर्ट, गळ्यात टाय, कमरेला जाड पट्टा, पायात बंद बूट. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला तरी ठेकेदाराचा गणवेश तोच.

घाम नुसता येऊन भागत नाही. तो सुकला तरच शरीर थंड होतं. जाड पॉलिस्टर घाम शोषत नाही, बंद कॉलर वारा लागू देत नाही, गडद रंग ऊन ओढून घेतो. त्यात रात्र पत्र्याच्या घरात जाते. तापलेलं शरीर निवण्याआधीच पुन्हा ड्युटी सुरू होते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे ही सुरुवात असते. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भयंकर तापलं, तर उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मालक म्हणतात, शिस्त म्हणजे शिस्त. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडली तर उन्हाळ्यात वकिलांना काळा कोट सक्तीचा नाही. कोट काढून कोर्टाची शिस्त बिघडत नसेल, तर टाय काढल्याने गेटची कशी बिघडेल?

आपला गणवेशाला विरोध नाही. नीटनेटके कपडे घालण्याचा हक्कही आपल्या माणसांनी झगडून मिळवला आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहराव बदलायला सांगितलं, ते मानासाठीच. पण जीव गुदमरवणाऱ्या कापडात कसला मान?

मागणी साधी आहे. फिकट रंगाचा सैल सुती गणवेश, उन्हाळ्यात टाय नको, डोक्यावर टोपी, गेटवर सावली, प्यायला गार पाणी आणि जवळ शौचालय. शौचालय नसलं की आपल्या भगिनी पाणीच कमी पितात. सफाई कामगारांचे गमबूट आणि हातमोजे मात्र काढायला लावू नयेत. ते संरक्षणासाठी आहेत. तिथे दुपारचं काम पहाटे घ्यावं, मधे विश्रांती द्यावी.

एकट्याने बोललं तर नोकरी जाण्याची भीती असते. ठेकेदार सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी ठेकेदाराकडे. म्हणून दोघांच्याही नावे एकच अर्ज लिहावा आणि त्यावर सगळ्यांनी सह्या कराव्यात. रविवारी विहारात जमतो, तिथेच मसुदा होऊ शकतो. अर्ज फेब्रुवारीतच द्यावा, म्हणजे नवे कपडे शिवायला वेळ नव्हता, ही सबब उरणार नाही.