शेतातून जाणारी वाट

भारतातून आप्त आले की लंडनचे पूल आणि राजवाडे दाखवून झाल्यावर आम्ही त्यांना एक दिवस खेड्यांकडे नेतो. यंदा मामा-मामींना घेऊन मँचेस्टरहून पीक डिस्ट्रिक्टमधील हेफील्डला गेलो. दगडी बांधांची कुरणे, मेंढ्या, मधूनच पाऊस. सारे छायाचित्रांत दिसते तसेच.

गावाबाहेर एका फाटकाशी मामा थबकले. "शेत कुणाचं? विचारलं का त्याला?" त्यांचे बालपण विदर्भातील खेड्यात गेले. कोणत्या बांधावरून आपण जायचे नाही, हे त्यांना अक्षरओळखीआधीच कळले होते. शेत खाजगी असले तरी पायवाट सार्वजनिक आहे, मालकाला ती अडवता येत नाही, असे आम्ही सांगितले. त्यांना ते खरे वाटेना.

वरचा किंडर स्काउटचा माळ मात्र एके काळी खरोखरच बंद होता. जमीनदारांनी तो शिकारीसाठी राखला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार, बहुतेक तरुण, हेफील्डहून बंदी मोडून त्यावर चढले. दंग्याच्या आरोपांखाली पाच जणांना तुरुंगवास झाला. इंग्लंडातील उघड्या माळांवर हिंडण्याच्या हक्काचा कायदा झाला तो २००० साली.

"म्हणजे महाडनंतर पाच वर्षांनी," मामांनी लगेच हिशेब केला. हिशेब बरोबर, पण दोन्ही लढे एक नव्हेत. कामगारांच्या पावलांनी माळ बाटतो, असे येथे कुणी म्हटले नव्हते.

मामा अखेर आत आले. कडी नीट लावली, आणि उतार संपेपर्यंत दोनदा मागे वळून पाहिले. मामी केव्हाच पुढे गेल्या होत्या.