भिंतीपलीकडचे राक्षस आणि आपली मुलं





आपल्या वर्तुळात हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. मुलं वाचतच नाहीत, ही जुनी तक्रार होती. नवी तक्रार अशी की वाचतात ते हे असलं! 'हे असलं' म्हणजे जपानी मांगा, आणि त्यातही 'अटॅक ऑन टायटन'. माणसं खाणारे नागडे राक्षस, तुटलेले हातपाय, पानोपानी रक्त. घरात साने गुरुजी आणि आंबेडकर शेजारी शेजारी ठेवणारे आपले सुबुद्ध पालक हे पुस्तक चिमटीत धरतात आणि विचारतात, "यात आहे तरी काय?" उत्तरासाठी मात्र बहुतेक जण थांबत नाहीत. मी ही मालिका शेवटपर्यंत वाचली आहे, म्हणून उत्तर देते. (कथेचा शेवट पुढे येणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं.)

हाजिमे इसायामा या तरुण चित्रकार-लेखकाची ही मालिका कोदान्शाच्या एका मासिकात सप्टेंबर २००९ ते एप्रिल २०२१ अशी जवळजवळ बारा वर्षं चालली. १३९ प्रकरणं, ३४ खंड. तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका २०१३ साली सुरू झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात संपली. सुरुवात साधी आहे. तीन प्रचंड वर्तुळाकार भिंतींच्या आत उरलीसुरली माणसं राहतात, बाहेर टायटन फिरतात. एक दिवस भिंत फुटते, एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला टायटन खातो, आणि एकूण एक टायटन मारण्याची तो शपथ घेतो. इथवर ही सूडकथा आहे. आपल्या पौराणिक चित्रपटांत आणि पोवाड्यांत रक्त कमी सांडत नाही, तेव्हा निव्वळ रक्तासाठी मुलांना जपानपर्यंत जायची गरज नव्हती.

मग ओढ कशाची? माझा व्यवसाय संशोधनाचा आहे, त्यामुळे मला आधी दिसली ती कोड्याची मांडणी. टायटनांना पचनसंस्था नाही, जननेंद्रियं नाहीत, त्यांना भूकही लागत नाही. तरी ते माणसंच खातात. का? हान्जी झोए हे पात्र पकडलेल्या टायटनांवर प्रयोग करतं, निरीक्षणं नोंदवतं, आधीची समजूत टाकून देतं. भिंतीच्या आतली राजसत्ता लोकांची स्मृती पुसते आणि बाहेरचं कुतूहल बाळगणं हाच गुन्हा ठरवते. पाठ्यपुस्तकातला इतिहास खोटा असू शकतो, आणि तो तपासायला पुरावा लागतो, हे ही मालिका भाषण न देता सांगते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला याहून आकर्षक दुसरं काय असणार?

पण खरा घाव पुढे आहे. हजारो पानांनंतर कळतं की बाहेर जग आहे, माणसं आहेत, आणि टायटन ही सुद्धा माणसंच होती. भिंतीतल्या लोकांच्याच वंशाच्या, एल्डियन माणसांना इंजेक्शन देऊन मार्ले या राष्ट्राने त्यांचे टायटन बनवले आणि त्यांच्यावर सोडले. २०१७ साली, ९१ व्या प्रकरणापासून, लेखक कॅमेरा उचलतो आणि थेट शत्रूच्या घरात नेऊन ठेवतो. तिथे एल्डियन लोक कुंपणाआडच्या वस्तीत दंडाला पट्टी बांधून राहतात. त्यांची मुलं मार्लेच्या सैन्यात जायला धडपडतात, कारण त्यामुळे कुटुंबाला 'मानद' मार्लेयन होता येतं. आपण 'चांगले' एल्डियन आहोत, बेटावरच्या 'सैतानां'सारखे नाही, हे ती मुलं रोज सिद्ध करत असतात. परक्या देशात 'चांगले स्थलांतरित' म्हणून पहिला नंबर काढणाऱ्या आपल्या मुलांना हे चित्र ओळखीचं वाटलं, तर त्यात नवल काय?

याच मुलांतली गाबी जेमतेम बारा वर्षांची. ती बेटावरच्या साशाला गोळी घालून मारते. पुढे पळून जाऊन लपते ती नेमकी साशाच्याच आईवडिलांकडे, आणि ते तिला ओळख न पटता जेवू घालतात. त्या घरात काया नावाची मुलगी आहे. तिच्या आईला टायटनने खाल्लं आहे. ती गाबीला विचारते, माझ्या आईने असं काय केलं होतं? गाबी पाठ केलेलं उत्तर देते: तुमच्या पूर्वजांनी अमुक वर्षांपूर्वी आमच्यावर असे असे अत्याचार केले. काया म्हणते, पण माझी आई तर तेव्हा जन्मलीच नव्हती. गाबीकडे याचं उत्तर नाही.

मंडळी, आपल्याकडे आहे? आपल्या घरातल्या फोनवर रोज सकाळी शुभेच्छांच्या फुलांसोबत काय येतं ते आठवून पाहा. चारशे वर्षांपूर्वी कोणी कोणाचं देऊळ पाडलं, कोणी कोणाच्या बायका पळवल्या, आणि म्हणून आज शेजारच्या कोणाकडे संशयाने पाहायचं. ते पुढे ढकलणारे हात डॉक्टरांचे, इंजिनिअरांचे, प्राध्यापकांचे असतात. मुलं ते ऐकतात. आणि त्याच मुलांच्या हातातलं काळं मुखपृष्ठ पाहून आपण विचारतो की एवढी हिंसा कशाला वाचतोस!

कथेत साशाच्या वडिलांना कळतं की आपल्या मुलीला याच पोरीने मारलं. सूडासाठी सुरा त्यांच्यापुढे धरला जातो. ते व्यवसायाने शिकारी, पण ते नकार देतात. त्यांचं म्हणणं असं की जग हे एक मोठं जंगल आहे आणि आपण मुलांना त्यात हरवू दिलं. मागच्या पिढ्यांची पापं आणि द्वेष मोठ्यांनीच आपल्या अंगावर घ्यायचा असतो. हिंसक म्हणून हिणवलेल्या या मालिकेतलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं प्रकरण हेच, आणि ते मुलांइतकंच आपल्यासाठी लिहिलेलं आहे.

आता आक्षेप. ही मालिका फॅसिस्ट आहे, असं पाश्चात्त्य समीक्षकांपैकी काहींनी लिहिलं. गणवेश, सॅल्यूट, दंडपट्ट्या, सगळं आहे खरं. पण आईच्या मृत्यूवर आपण ज्याच्यासोबत रडलो तो एरेनच शेवटी आपल्या लोकांना वाचवण्याच्या नावाखाली भिंतीपलीकडची ऐंशी टक्के माणसं चिरडतो, आणि त्याला थांबवायला त्याचेच मित्र उभे राहतात. इतकं करूनही शांतता टिकत नाही. शेवटच्या खंडात वाढवलेल्या पानांत, काळ पुढे गेल्यावर, तेच बेट पुन्हा युद्धात बेचिराख होतं. संहारातून कायमची सुरक्षितता मिळत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

दुसरे दोन आक्षेप मात्र मी खरे मानते. पिक्सिस हे सेनापतीचं पात्र इसायामाने जपानी साम्राज्याच्या अकियामा योशिफुरू या सेनानीवरून बेतलं आणि त्याची वाखाणणीही केली. जपानी वसाहतवादाचे चटके सोसलेल्या कोरियातले वाचक त्यावर संतापले, ते योग्यच होतं. आणि मूळ शेवटात आर्मिन आपल्या मित्राच्या नरसंहाराबद्दल जवळजवळ आभार मानतो, हे अक्षम्य आहे. २०२३ च्या अ‍ॅनिमेमध्ये तो संवाद बदलला. तिथे आर्मिन त्या पापातला आपला वाटा कबूल करतो. एरेनलाच नायक मानणारे वाचकही थोडे नाहीत. पण याचा अर्थ एवढाच की हे पुस्तक मुलांनी एकट्याने वाचून सोडू नये. दहा वर्षांच्या मुलाला ते देऊ नका, हे मीही म्हणेन. पंधरा-सोळाच्या मुलाकडून काढून घेऊ मात्र नका. चीनच्या सरकारने २०१५ साली ही मालिका काळ्या यादीत टाकली. तो मार्ग सेन्सॉरचा आहे, आपला नव्हे.

आपला मार्ग कष्टाचा आहे. मुलाकडून पहिला खंड मागून घ्या. तेविसाव्या खंडापर्यंत दम धरा. मग त्याला विचारा की एरेन कुठे चुकला, कोणत्या पानावर चुकला, आणि तू तिथे असतास तर काय केलं असतंस. तो उलट विचारेल, आई, मग तुमच्या ग्रुपवर काल आलेल्या त्या मेसेजचं काय? तेव्हा विषय बदलू नका.