हाडांचा साठा लहानपणीच भरतो

मानवी सांगाडा म्हणजे शरीर उभे धरणारी एक निर्जीव चौकट, हा समज इतका रूढ आहे की तो दूर सारल्याशिवाय हाडांच्या आरोग्याचा विचार नीट सुरूच होत नाही. हाड हे रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि पेशी असलेले जिवंत ऊतक आहे. कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंवर कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक बसून ते घडते. प्रथिनामुळे त्याला चिवटपणा येतो आणि स्फटिकांमुळे कठीणपणा. अस्थिभंजक पेशी जुने हाड कुरतडून काढतात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवे रचतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो.

प्रौढ शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. नवजात बालकात ती याहून बरीच अधिक असतात, कारण कवटीची, माकडहाडाची आणि इतर अनेक हाडे वाढीच्या वयात एकमेकांशी जुळून एक होतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा, म्हणजे मऊ व लवचीक ऊतकाचा, एक पट्टा असतो. उंची वाढते ती याच पट्ट्यात, आणि तारुण्यात तो हाडात रूपांतरित झाला की वाढ थांबते. सांगाडा शरीराला आधार देतो, मेंदू, हृदय आणि फुप्फुसे यांचे रक्षण करतो आणि लाल अस्थिमज्जेत रक्तपेशी निर्माण करतो; याशिवाय शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांतच साठवलेले असते. हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन यांसाठी रक्तातील कॅल्शियमची पातळी स्थिर राहावी लागते. ती घटू लागली की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांतून काढून घेते. त्यामुळे आहारातील उणीव रक्ताच्या तपासणीत दिसण्याच्या कितीतरी आधीपासून सांगाडा ती मुकाट्याने भरून देत असतो.

पुणे जिल्ह्यात आंदर मावळातील टाकवे बुद्रुकसारख्या भाताच्या गावात सांगाड्यावर पडणारा भार आषाढात उघड दिसतो. चिखलणी झालेल्या खाचरात स्त्रिया ओळीने कमरेतून वाकून, एका हातात रोपांची मूठ धरून, दुसऱ्या हाताने रोपे रोवीत मागे मागे सरकत जातात, आणि ही अवस्था तासन्‌तास टिकते. वाकलेल्या स्थितीत धडाचे वजन पेलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना फार मोठा जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब कमरेच्या पाच मणक्यांवर व त्यांमधील चकत्यांवर येतो. ‘कंबर धरली’ ही दिवेलागणीची तक्रार म्हणजे या ताणाचीच खूण होय. श्रमाने हाड झिजते असा मात्र याचा अर्थ नाही, कारण चालणे, चढणे आणि ओझे वाहणे यांमुळे हाड बळकटच होते. प्रश्न एवढाच असतो की जे हाड हा भार घेते, ते मुळात किती भरीव घडले होते.

या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्याच्याच मातीत आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीतील घरांच्या जमिनीखाली मोठ्या संख्येने दफने सापडली. लहान मुलांचे देह दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवलेले होते. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला, आणि पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी उत्तर जोर्वे काळातील, म्हणजे इ.स.पू. १००० ते ७०० या दरम्यानच्या, मुलांच्या हाडांत खुंटलेल्या वाढीच्या खुणा दाखवून दिल्या. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपासमारीची लिखित नोंद कोणी ठेवलेली नव्हती. ती मुलांच्या हाडांनी ठेवली.

त्याच परिसरातील सहा खेड्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. या स्त्रियांच्या मुलांची हाडे वयाच्या सहाव्या वर्षी मोजली गेली, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या मातांच्या गरोदरपणातील आहारात दूध, डाळी, पालेभाज्या यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांच्या हाडांतील खनिज अधिक आढळले. हाडाचा साठा आईच्या ताटापासून भरू लागतो आणि पंचविशी-तिशीपर्यंत पूर्ण होतो. त्यानंतर त्यात भर पडणे जवळजवळ थांबते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडाच्या आतील जाळी विरळ होते आणि साध्या पडण्याने खुबा किंवा मनगट मोडते. या विकाराला अस्थिसुषिरता म्हणतात, आणि त्याचे निदान उतारवयात होत असले तरी त्याचे मूळ पुष्कळदा बालपणात असते.

म्हणून मावळासारख्या भातप्रधान भागात उपायही घराजवळचाच आहे. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळातून जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, तर तेवढ्याच नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम. डोंगरउतारावरचे हे धान्य गरिबीचे म्हणून ताटातून हद्दपार होऊ देणे हा हाडांच्या दृष्टीने मोठा तोटा आहे. नाचणीची भाकरी व आंबील, ताक, तीळ, शेवग्याचा पाला आणि ओढ्यातील काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांना जेवणात पुन्हा मान मिळाला पाहिजे. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत उन्हाने तयार होते. त्यासाठी सकाळच्या कोवळ्या उन्हापेक्षा दुपारच्या आसपासचे थोडा वेळ घेतलेले ऊन अधिक उपयोगी ठरते. मावळातील ढगाळ पावसाळ्याचे महिने आणि टाकवे परिसरातील कारखान्यांत छपराखाली जाणारे तरुणांचे दिवस पाहता याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागेल. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर औषध शोधण्याइतकीच तळमळ गरोदर सुनेच्या आणि शाळकरी मुलीच्या ताटाबद्दल घराघरांत दिसली पाहिजे. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवण्याची बाईची रीत मोडणे, हाच पुढच्या पिढीच्या हाडांसाठी करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे.