सहा मतं कमी पडली

ऑक्टोबर २०२५ मध्ये सारा मलॅली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं, तेव्हा आमच्या महिला मंडळातही त्याची चर्चा झाली. इंग्लंडच्या चर्चमधलं हे सर्वांत मोठं धर्मपद आणि तिथे पहिल्यांदाच एक बाई! त्यातून ती पूर्वाश्रमीची नर्स. "बघा, कुठल्या कुठे पोचली," असं सगळ्या म्हणाल्या. मला मात्र २०१२ सालची एक गोष्ट आठवत होती. त्या गोष्टीतल्या महत्त्वाच्या व्यक्ती म्हणजे बिशप नव्हेत, निवडून आलेली साधी माणसं आहेत.

इंग्लंडच्या चर्चचे मोठे निर्णय 'जनरल सिनड' घेतं. चर्चची संसदच म्हणा ना. बिशपांचं एक सभागृह, पाद्र्यांचं दुसरं आणि तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य सभासदांचं तिसरं. निवडणूक दर पाच वर्षांनी. बैठका लंडनला, आणि जुलैतली यॉर्कच्या विद्यापीठात.

आता पहिल्यांदाच निवडून आलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. बैठकीआधी कागदांचं बाड येतं. नियमांचं वेगळं पुस्तक. बोलायचं असेल तर जागेवर उभं राहायचं आणि अध्यक्षांचं लक्ष जाईल याची वाट बघायची. वक्ते फार झाले की अध्यक्ष भाषणाची वेळ कमी करतात. रात्र जागून तयार केलेलं भाषण दोन-तीन मिनिटांत बसवायचं! तेवढ्यात कुणीतरी "चर्चा आता थांबवावी" असा ठराव मांडतो, तो मंजूर होतो आणि हिचा कागद पर्समध्येच राहतो. पंचवीस जण उभे राहिले तर मतं सभागृहवार मोजायची, हेही तिला तिथेच कळतं. मी एका समितीवर पहिल्यांदा गेले तेव्हा अजेंड्याचा तिसरा विषय शोधेपर्यंत पाचवा मंजूर झाला होता. त्यामुळे त्या बाईचं मला अगदी पटतं.

पण मत मात्र तिचंही तेवढंच मोजलं जातं. नेमकं तेच २०१२ मध्ये दिसलं.

बायकांना पाद्री होण्याची वाट या सिनडनेच नोव्हेंबर १९९२ मध्ये मोकळी केली होती. तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवी होती. सामान्य सभासदांच्या सभागृहात १६९ विरुद्ध ८२ अशी मतं पडली. आणखी दोघं जरी तिकडे वळली असती तरी ठराव पडला असता. मग वीस वर्षांनी प्रश्न आला बिशपपदाचा. चर्चच्या ४४ धर्मप्रांतांपैकी ४२ प्रांतांनी होकार दिला होता. बिशप तयार, पाद्री तयार. २० नोव्हेंबर २०१२ ला सामान्य सभासदांनी मतं दिली, १३२ बाजूने आणि ७४ विरोधात. सहा मतं कमी पडली आणि ठराव बारगळला. विरोधात बायकाही होत्या बरं का, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

दुसऱ्या दिवशी गावोगावच्या बायका विचारू लागल्या, यांना निवडून दिलं कुणी? उत्तर अवघड होतं. या सभासदांना चर्चला जाणारे सगळे लोक मत देत नाहीत. गावच्या चर्चच्या वार्षिक सभेत आसपासच्या चर्चच्या एकत्रित मंडळावर, म्हणजे 'डीनरी सिनड'वर, काही जण निवडले जातात. ते मंडळ म्हणजे कंटाळवाण्या बैठका. सभेत "कोण जाणार?" असं विचारलं की सगळे खाली बघतात आणि जो नाही म्हणत नाही तो जातो. पण वरच्या सिनडसाठी मत देण्याचा हक्क असतो तो याच लोकांना! ज्यांना काही ठामपणे हवं किंवा नको असतं ते तिथे आवर्जून जातात. बाकीचे घरी राहतात. शाळेच्या पालकसभेत आपणही हेच करतो की.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. सिनडची मुदत २०१५ पर्यंत होती, म्हणजे माणसं बहुतेक तीच. जुलै २०१३ मध्ये यॉर्कला त्यांना लहान गटांत समोरासमोर बसवलं. भाषणं नाहीत, ज्यांचं पटत नाही त्यांच्याशी नुसतं बोलायचं. ठरावाचा मसुदाही नव्याने, सोपा करून लिहिला. १४ जुलै २०१४ ला त्याच सभागृहात १५२ विरुद्ध ४५ अशी मतं पडली. आधी विरोधात गेलेल्या काहींनी उघडपणे मत बदललं. एवढ्या लोकांसमोर "माझं मत बदललंय" म्हणायला धीर लागतो, आपल्याकडे तर जास्तच.

आणि हो, बायकांना बिशप करण्यात आपला देश इंग्लंडच्या पुढे होता. चर्च ऑफ साऊथ इंडियाने आंध्रातल्या नंद्याळला पुष्पललिता यांना २०१३ मध्येच बिशप केलं. उत्तरेतल्या चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला. लंडनमध्ये जनरल सिनडचं पहिलं अधिवेशन भरलं तेही त्याच महिन्यात.

इंग्लंडमध्ये पहिल्या महिला बिशप झाल्या लिबी लेन, जानेवारी २०१५ मध्ये. त्याच वर्षी जुलैत मलॅलीही बिशप झाल्या. आमच्या मंडळात हे सगळं सांगितल्यावर एक मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, परवा शाळेच्या समितीसाठी बाईंनी माझं नाव घेतलं होतं. मीच नको म्हटलं." तिला विचारलं, मग आता कोण आहे समितीवर? तिला ठाऊक नव्हतं.